गृहिणीचं फुप्फुस

पेशंट मला दिसत नाही, त्याचा तुकडा दिसतो. घाटकोपरच्या आमच्या लॅबमध्ये फुप्फुसाचा नखाएवढा तुकडा बाटलीतून येतो, त्याचे पातळ काप काचेवर चढतात आणि ते फुप्फुस का आखडतंय हे मी मायक्रोस्कोपखाली शोधते. सोबत फॉर्म असतो. त्या बाईच्या फॉर्मवर व्यवसायापुढे लिहिलं होतं, गृहिणी.

धुळीचे कण बघायचे तर मायक्रोस्कोपला एक वेगळी फिल्टरची काच लावावी लागते. खाणीत काम करणारे, टाइल कापणारे यांच्यासाठी मी ती लावायचे. गृहिणींसाठी नाही. हा नियम कुणी केला? मीच. कामाचा ढीग होता हे खरं, पण ती काच लावायला मिनिटभरही लागत नाही. मी फुप्फुसातले व्रण पाहिले, रिपोर्टात 'कारण अज्ञात' लिहिलं आणि पुढचा ट्रे ओढला.

सात-आठ महिन्यांनी तिची मुलगी त्या स्लाइड न्यायला आली. दुसऱ्या हॉस्पिटलला त्या पुन्हा बघायच्या होत्या. आई दिंडोशीच्या घरी चोवीस तास ऑक्सिजनवर होती. मुलगी रजिस्टरमध्ये सही करत असताना मला तिच्या नखांत गुलाबी रंग दिसला.

"रंग कसला गं हा?"

"रांगोळीचा. सीझन आहे ना. चाळायची, रंग मिसळायचा, पाकिटं भरायची. आई करायची, मी पण दहावीपासून करते."

"फॉर्मवर तर गृहिणी लिहिलंय."

"मग? घरीच बसून करतो ना."

रांगोळी म्हणजे दळलेला दगड. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी तिच्याकडून स्लाइड परत मागून घेतल्या आणि ती फिल्टरची काच लावली. बाकी सगळं काळं झालं आणि त्या अंधारात धुळीचे कण चमकायला लागले, जिकडे बघावं तिकडे.

मी तिला सगळं सांगितलं. हे तेव्हाच दिसायला हवं होतं, चूक माझी, हेही सांगितलं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"तेव्हा मीच बोलले होते, ही रांगोळी बंद करू," ती म्हणाली. "आई म्हणाली, रिपोर्टात कारण माहीत नाही लिहिलंय, मग रांगोळीला कशाला नावं ठेवतेस? आता तिच्या वाटणीचं पण मीच चाळते. तिच्याच खोलीत. पंखा लावत नाही, पावडर उडते ना. खिडकी पण बंद."

"तुला खोकला आहे?"

"थोडा. दम पण लागतो. मला वाटलं, आईचं करून थकते."

खालच्या मजल्यावर एक्स-रे निघतो. मी तिला हाताला धरून तिथे घेऊन गेले. एकच जिना उतरायचा होता, तो उतरतानाही ती दोनदा थांबली.