कुंडीतली खोटी पात

वायरमनकाकांचा जन्म दुसऱ्यांच्या भिंती फोडण्यात गेलेला, त्यामुळे आत काय आहे ते उकरून बघितल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन नसे. शेजारच्या नर्सबाई आजारी लेकीला आणायला परगावी निघाल्या आणि चाइव्ह्जची, म्हणजे विलायती कांदापातीची, कुंडी काकांच्या खिडकीत ठेवून गेल्या. "पाणी घाला, हवी तेव्हा कात्रीनं वरवर कापून अंड्यात टाका. मुळाला मात्र हात लावू नका हं."

यांनी नेमका तिथेच हात लावला. पात कांद्यासारखी, वास कांद्याचा, मग खाली कांदे नकोत होय? काकांनी अख्खा गड्डा उपटला. खाली पांढऱ्या मुळांचा गुंता, कांद्याचा पत्ता नाही. परत खोचला, घाबरून पाण्यावर पाणी घातलं, तर तो पार सडूनच गेला.

आता बाई आल्यावर खरं सांगून मोकळं व्हावं की नाही? छे! गृहस्थांनी बागेच्या कडेचं तशाच बारीक पातीचं फुलझाड आणून कुंडीत लावलं. माळी म्हणालाही, "शोभेचं आहे बरं का, पोटात गेलं तर उलट्या होतील."

"खातंय कोण?" काका म्हणाले.

बाई लेकीला घेऊन परतल्या. बाईंचं नाक सर्दीनं चोंदलेलं, तरी दुसऱ्याच सकाळी काकांना ऑम्लेट खायला बोलावलं. "माझ्या झाडाला जपलंत, एवढं तरी करू द्या."

कात्री कचकच चालली. हिरवे तुकडे लेकीच्या बशीत पडले. आता बोलू, आता बोलू, असं काकांच्या मनात चाललेलं, पण जीभच उचलेना. लेकीनं काटा उचलला. बाईंची मूठ काकांच्या बशीवर आली.

"माझ्यात नको," काका चटकन म्हणाले.

बाई थबकल्या. लेकीनं काट्यावरचा घास नाकाशी नेला. "आई, याला कांद्याचा वास कुठे आहे?"

बाईंनी तिच्यापुढची बशी ओढून घेतली. मग काकांनी सगळं ओकलं, गड्डा, बाग, माळ्याचं बोलणंसुद्धा. सांगताना त्यांना बाईंच्या तोंडाकडे बघवेना.

"झाड मेलं तर मेलं हो," बाई म्हणाल्या. "दुसरं लावलं असतं. पण हिच्या बशीत घातलं तेव्हा गप्प बसलात. स्वतःची बशी आली तेव्हा बरं तोंड उघडलं."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोरचं साधं ऑम्लेट गार होत होतं. ते खायची लाज वाटत होती, आणि टाकून उठायचीही.