शेजारणीची तब्येत

मन्नूबिया अय्यारीला घरोघर जाऊन प्रश्न विचारायचं काम मीच दिलं, कारण ट्युनिशियातल्या सिलियानाकडच्या त्या डोंगरगावात तिला दार न उघडणारं कुणी नव्हतं. पन्नाशीची, विधवा, आणि चौकशांची जात्याच हौस. आरोग्यसेवेच्या अर्थशास्त्रावर मी ट्युनिसमध्ये वीस वर्षं डोकं झिजवलं, पण या बाईने आठवड्याभरात माझी पार विकेट काढली.

गावच्या दवाखान्यात डॉक्टर फक्त गुरुवारी येत. आमच्या पाहणीत गरज दिसली नाही, तर तो गुरुवारही बंद होणार होता. आणि चाळीस घरं झाली तरी प्रत्येक फॉर्मवर उत्तर एकच: ‘ठीक आहे, अल्हम्दुलिल्लाह.’

“नौफलसाहेब, या कागदांवर विश्वास ठेवला तर आमच्या गावात कुणी मरतच नाही,” ती मला म्हणाली. “दुखणं सांगणं म्हणजे देवाबद्दल कुरकुर करणं. तुम्ही शहरातले, तुम्हाला काय कळणार!”

“मग करायचं काय?”

“शेजारणीचं विचारते.”

“ते नियमात बसत नाही. ज्याचं त्यानेच सांगायला हवं.”

“सांगतील की. बघाच तुम्ही.”

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी मीही तिच्या मागोमाग गेलो. तुर्किया अंगणातल्या भट्टीत रोट्या लावत होती. मन्नूबियाने शेजारच्या वसीलाचं नाव काढलं मात्र, तुर्कियाचे हात थांबले आणि तोंड सुरू झालं. वसीला ऑलिव्ह वेचताना दोनदा चक्कर येऊन पडली होती, आणि नवऱ्याला पत्ताही नव्हता. तिथून आम्ही थेट वसीलाकडे.

“तुर्किया म्हणते, तू दोनदा पडलीस.”

“तिने सांगितलं? त्या चोंबडीने?” वसीला उसळली. “स्वतः खोकते तेव्हा रुमालाला रक्त लागतं, ते नाही वाटतं सांगितलं! आणि दोनदा नाही, चारदा पडलेय मी. लिही!”

मन्नूबियाने शांतपणे लिहिलं आणि पुन्हा तुर्कियाचं दार गाठलं.

असं करत सगळं गाव आजारी निघालं, नियमात राहून. गुरुवार वाचला. पण भांडणं लावणारी म्हणून मन्नूबियाशी बायका बोलेनात, हमाममध्ये अंघोळीला गेली तरी तिच्या शेजारी कुणी बसेना. माझा अहवाल गाजला आणि तिचं गाव तुटलं. मला फार अपराधी वाटत होतं.

पुढच्या गुरुवारी मी दवाखान्यात गेलो तर रांग रस्त्यापर्यंत आलेली. वसीला आणि तुर्किया एकाच बाकावर, तोंडं दोन दिशांना. मन्नूबिया मला उरलेले फॉर्म द्यायला आली आणि दारातच थांबली.

वसीला सरकली. “बस इथे.”

“मी कागद द्यायला आलेय.”

“कागद राहू देत. चढ चढताना तुझे ओठ निळे पडतात. तुर्कियाने आणि मी डॉक्टरांना सांगून ठेवलंय. तुझा नंबर तिसरा.”

एवढी बोलकी बाई, पण दोघींच्या मधे बसली आणि रडायलाच लागली.