वरचं शेत कुणी केलं

लग्न होऊन ती घरात आली आणि सगळे तिला धाकटी म्हणू लागले, कारण नवरा धाकटा. पुढे केस पिकले, सून आली, तरी ती धाकटीच राहिली. तिचं खरं नाव आज घरात कुणालाच सांगता येत नाही.

घरची शेतं दोन. ओढ्याकाठचं खालचं काळंभोर, ते थोरला कसायचा. टेकाडावरचं वरचं म्हणजे नुसते दगड. त्याला घरात कपाळमोक्ष म्हणत. ते धाकट्याकडे सोपवलेलं.

"धाकटे, दगड शिजवायला शिकून आलीस ना माहेराहून?" थोरल्या दिराने पहिल्याच आठवड्यात विचारलं. सगळे हसले. नवराही हसला.

ती पहार घेऊन वर गेली. दगड उचलायचा नसतो, हे तिला बापाने शिकवलं होतं. आधी भोवतीची माती उकरायची, कुशीला लहान दगडाचा टेकू द्यायचा, त्यावर पहार रेटायची. दगड उलथला की लोटत न्यायचा. जोर मांड्यांवर घ्यायचा. पाठीवर घेणारा दुपारपर्यंत संपतो. नवरा पाठीवर घ्यायचा. दुपारी तो झाडाखाली आडवा व्हायचा आणि ती लोटत राहायची. एकदा पोटुशी असताना पहार सटकून ओटीपोटात बसली. ते मूल राहिलं नाही. उठता येऊ लागलं तशी ती पुन्हा वर गेली.

निघालेला दगड कुणाला ना कुणाला हवाच असायचा. जाऊबाईंनी गोठ्याची भिंत घातली, सासऱ्यांनी अंगणाला कठडा केला. परस्पर ओझं जातंय, बरंच आहे, असं धाकटीला वाटायचं. तिचा लेक नांगर धरण्याएवढा झाला तोवर वरच्या शेतात नांगर न अडखळता या बांधापासून त्या बांधापर्यंत जाऊ लागला होता.

त्याच वर्षी ओढा फुटला. खालच्या शेतातली माती वाहून गेली, तिच्या जागी गोटे आणि वाळू पसरली. चिखल वाळायच्या आत थोरल्याने वाटणी काढली. निवडीचा मान थोरल्याचा. त्याने वरचं शेत मागितलं.

"मामंजी, ते शेत मी केलंय," धाकटी म्हणाली. सासऱ्यांसमोर ती पहिल्यांदाच तोंड उघडत होती.

"शेत कुणी करतं का?" जाऊ म्हणाली. "पहिल्यापासून असंच होतं ते."

"दगडांनी भरलेलं होतं."

"मग गेले कुठं दगड? दाखव की."

धाकटीने गोठ्याकडे बोट केलं.

"ती भिंत तर मी घातलीय."

सासऱ्यांनी घसा खाकरला. "शेत घराचं, धाकटे. त्यातले कष्टही घराचेच. त्यांची वेगळी वाटणी होत नसते."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता.

वाट्याला आलेल्या खालच्या शेतातले गोटे तिने वेचायला घेतले, तेव्हा गुडघे बोलू लागले होते. या वेळी तिने एकही दगड बाहेर जाऊ दिला नाही. शेताच्या ऐन मध्यावर ढीग घातला. नांगर त्याला वळसा घालून न्यावा लागे.

"आई, बांधावर तरी टाकू या. पिकाची जागा जातेय," लेक म्हणाला.

"जाऊ दे. दिसला पाहिजे."

पुढे थोरल्याने वरच्या शेतात विहीर खणली आणि गाडी जुंपून खाली आला.

"धाकटे, विहीर बांधायचीय. हा ढीग नेतो. तुझंही शेत मोकळं होईल."

"इथला दगड जाणार नाही."

"अगं, दगडच तो. सोनं मागत नाही मी."

"सोनं असतं तर दिलं असतं, भाऊजी."

ती ढिगावर चढून बसली. दीर बैलांपाशी उभा राहिला. मग नवरा आला. तिच्याकडे न बघता त्याने पायथ्याचा एक दगड उचलून भावाच्या गाडीत टाकला. मग दुसरा. बसलेली जागा डगमगायला लागली तेव्हा ती उतरली.

विहिरीला पाणी भरपूर लागलं. दोन्ही घरं तेच भरायची. धाकटी मात्र ओढ्यावर जायची. उन्हाळ्यात वाळूत खड्डा उकरून वाटीवाटीने घागर भरायची. सून म्हणायची, "सासूबाई, पाण्यावर कसला एवढा राग?" धाकटी पदर डोक्यावर ओढून घागर उचलायची.

नवरा शेवटी अंथरुणाला खिळला. विहिरीचं गार पाणी दे, म्हणाला. तिने ओढ्याचंच पाजलं.