देवा, बा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात एका पोरीवरून दोन शाळा भांडत होत्या. पोरगी म्हणजे माझी सुवार्ता, पहिलीत जायची होती. एक शाळा बेळगावातली, मिशनची, इंग्रजी माध्यमाची. तिथं दिवस प्रार्थनेनं सुरू होतो आणि नाताळात मुलं सुंदर गाणी म्हणतात. दुसरी खानापुरातली सरकारी मराठी शाळा, आमच्या परसाच्या अगदी मागं. तिची घंटा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते आणि सुवार्ताचे वडील तिथंच शिकले.

मला मिशनची शाळा हवी होती. माझं माहेर मिरजेचं. तिथं आमच्या गल्लीत सगळी ख्रिस्ती घरं, त्यामुळं प्रार्थना मला कुणी वेगळी शिकवली असं आठवतच नाही. इथं आळीत आमचं एकच घर. शेजारी जीव लावतात, गणपतीत त्यांचे मोदक आमच्याकडं येतात, नाताळात आमच्या करंज्या त्यांच्याकडं जातात, तक्रारीला जागा नाही. तरी मनात भीती घर करून बसली होती, की ही पोरगी सगळ्यांत मिसळून जाईल आणि देवाला हाक मारायचंच विसरेल.

तसे घरात शिकवायला आप्पा होते, म्हणजे माझे सासरे. पण त्यांची प्रार्थना ऐकली की मलाच अवघडल्यासारखं व्हायचं. चर्चमध्ये आम्ही ‘हे स्वर्गीय पित्या’ म्हणतो. आप्पांनी आपल्या वडिलांना जन्मभर ‘बा’ म्हटलं, म्हणून देवालाही ते ‘देवा, बा’ अशीच हाक मारतात आणि मग दुखरा गुडघा, आटलेली म्हैस, भाताच्या रोपांचं तरवं, सगळं त्याच्या कानावर घालतात. सुवार्ता त्यांच्या मांडीवर बसून तेच शिकली. मिशनच्या शाळेत गेली की चार नीट शब्द तोंडात बसतील, असा माझा हिशेब होता.

यांना तो पटत नव्हता. “आगं, देव काय बेळगावातच ऱ्हातोय व्हय?” हे म्हणायचे. “लेकरू सकाळी पेंगत जाणार आन् सांजचं पेंगतच जेवणार. मग प्रार्थना कवा करणार, बसमधी?”

मी देवाकडं खूण मागत होते. आणि कोणती खूण हवी, तेही त्याला बजावून ठेवलं होतं. म्हणून मुलीला घेऊन भेटायला या, असा शाळेतून निरोप आला तेव्हा मला वाटलं, झालं, ऐकलं त्यानं. मी सुवार्ताला नवे काळे बूट घेतले, दोन वेण्या घातल्या आणि निघाले. “समदं नीट हुईल,” आप्पा ओट्यावरून म्हणाले.

बेळगावच्या स्टँडवर उतरून शाळेसाठी अनगोळकडं जाणारी बस धरायची होती. मला तेव्हा कानडी वाचता येत नव्हतं. बोलणं थोडंफार कळतं, पण पाटीवरची अक्षरं म्हणजे माझ्यासाठी जिलब्याच. म्हणून मी लोक पळतील तिकडं पळाले. बस आली, गर्दी उसळली, आणि आमच्याकडं सगळेच करतात तेच मी केलं. लेकराला उचलून पुढच्या दारातनं आत सारलं आणि ओरडले, “जागा धर गं!” त्या ओढाताणीत तिचा एक बूट निसटून खाली पडला. तो उचलायला मी वाकले, आणि तेवढ्यात बस सुटली.

मी बूट हातात घेऊन मागं धावले. आरडाओरडा केला, पण गाडी वळून दिसेनाशी झाली. लोक जमले, चौकशीच्या खिडकीशी घेऊन गेले. तिथल्या माणसानं अगदी साधा प्रश्न विचारला, “कुठली बस, बाई?” आणि मला सांगता येईना. पाटी डोळ्यांसमोर होती, पण ती मला वाचताच आली नव्हती. अनगोळची बस तर अजून लागायचीच होती, असंही तेव्हाच कळलं. माझं लेकरू कुठल्या गावाच्या दिशेनं गेलं, हे मला माहीत नव्हतं. त्या माणसानं फोन फिरवायला घेतला आणि मला बाकड्यावर बसवलं.

मी डोळे मिटले. लहानपणापासून पाठ असलेल्या किती प्रार्थना, पण एकीचाही पहिला शब्द आठवेना. ओठांवर आलं ते एवढंच, “देवा, बा.” पुन्हा पुन्हा तेच. ज्या हाकेची मला लाज वाटायची, तिच्याशिवाय माझ्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. कुणीतरी खांद्याला हलवलं म्हणून मान वर केली, तर समोरून एक आजी येत होत्या. इरकली लुगडं, कपाळावर विभूती. त्यांच्या कडेवर माझी एवढी मोठी घोडी बसलेली, एका पायात बूट, हातात सोललेलं केळं. मी दोघींना एकदमच मिठी मारली आणि मोठ्यानं रडले. सुवार्तानं मात्र आधी विचारलं, “आई, माझा बूट घावला?”

आजी कानडी, पण मोडकं मराठी बोलत होत्या. त्यांनी सांगितलं, बस सुटल्यावर ही घाबरली, रडली, आणि मग खिडकीशी बसून डोळे मिटून म्हणायला लागली, ‘देवा, बा. देवा, बा.’

“आमच्यात बा म्हंजे ये,” आजी म्हणाल्या. “पोरगी देवाला ये, ये म्हन्तीय. आता देव कुठला येतोय बसमधी! मग मीच ‘बंदे, बंदे’ म्हन्ले आन् उठले.”

बंदे म्हणजे आले. तिला घेऊन त्या पुढच्याच थांब्यावर उतरल्या आणि उलट येणाऱ्या बसमध्ये चढल्या. मी सांगितलं, आमच्या घरी बा म्हणजे बाप. तेव्हा त्या इतक्या हसल्या की पदर तोंडाशी धरावा लागला. नाव विचारलं तर म्हणाल्या, “अज्जी म्हन.” आणि आपली बस लागलीय म्हणून लगबगीनं गेल्या.

शाळेत मी फोन केला. तिथल्या सिस्टर फार मायाळू, म्हणाल्या, घाबरू नका, उद्या या, जागा ठेवते. दार बंद झालं नव्हतं. पण परतीच्या बसमध्ये सुवार्ता मांडीवर झोपली होती आणि माझी भीती मला सापडत नव्हती. जिथं आपलं कुणी नाही, आपली भाषा नाही, तिथं माझ्या लेकरानं देवाला हाक मारली होती आणि त्यानं कानडीत ओ दिली होती. आता कुंपण घालून मी कुणाला राखणार होते? त्याला राखता येतं, हे त्यानं दाखवून दिलं. खूण मिळाली, फक्त मी सांगितलेली नव्हे. दुसऱ्या दिवशी सिस्टरना नमस्कार कळवला आणि पोरीला घेऊन परसाच्या मागच्या शाळेत गेले. “लेकरू प्रार्थना बसमधी करणार म्हन्लं ते खरं झालं की,” हे म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी पोटभर हसले.

त्या शाळेत कानडीही शिकवतात. संध्याकाळी सुवार्ता माझी मास्तरीण होते, अक्षर चुकलं की टपली देते. मला वाचता आलेला पहिला कानडी शब्द ‘बा’. आता स्टँडवर मी सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचते, आणि हे लांब जाऊन उभे राहतात.

त्या अज्जींचं नाव मला आजही ठाऊक नाही, पण रोजच्या प्रार्थनेत त्या असतात. दिवे लागले की आप्पा भिंतीला टेकून बसतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, “देवा, बा.” सुवार्ता बहुतेक वेळा अंगणातच असते, शेजारच्या पोरींबरोबर खेळत. तिथूनच ती ओरडते, “बंदे, बंदे!” आणि धावत येऊन आप्पांच्या मांडीवर बसते. आम्ही सगळे हसतो, आप्पाही. मग प्रार्थना सुरू होते.