घुमीने खोडलेले चार महिने

आमच्या मुलीला घरात सगळे घुमी म्हणतात. लहानपणी ती बोलायचीच कमी, आणि आता जे काही बोलते ते बहुतेक कीबोर्डशी. काय काम करते असं कुणी विचारलं की आमचे हे सांगतात, "कॉम्प्युटरमध्ये असते," जणू आत जाऊन बसली आहे. मी मात्र तिचं काम नीट समजून घेतलं आहे. काळजी करायचीच तर नेमकी कशाची, हे ठाऊक असलेलं बरं.

काचेच्या बाटल्यांचा एक कारखाना आहे. पट्ट्यावरून बाटल्या धावतात, कॅमेरा प्रत्येकीचा फोटो काढतो, प्रोग्रॅम तडा गेलेली बाटली ओळखतो आणि एक दांडा तिला बाजूला ढकलतो. प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिलेला. ती भाषा इतकी सोपी की मलाही अर्धीमुर्धी कळते. पण चाल सावकाश. निकाल लागेपर्यंत दोषी बाटली पुढे निघून जायची आणि दांडा मागून येणाऱ्या निरपराध बाटलीला ढकलायचा. म्हणून घुमीने काम वेगवान सी भाषेत लिहिलं, कंपाइल केलं, म्हणजे मशीनला थेट कळेल असं केलं, आणि त्याचं मॉड्यूल पायथनला जोडून दिलं. पायथनने हाक मारायची, मॉड्यूलने झटपट काम उरकून उत्तर द्यायचं.

हे काम तिने कॉलेजातल्या मैत्रिणीबरोबर घेतलं होतं. त्या उंच मुलीला आम्ही लंबू म्हणतो. दोघींनी चांगल्या नोकऱ्या सोडल्या होत्या आणि हे त्यांचं पहिलंच गिऱ्हाईक. चाचणीत नापास झालो तर दुकान बंद, असं दोघी हसत सांगायच्या. मला काही त्यात हसता यायचं नाही.

चाचणीच्या दिवशी गाडी मी चालवली. घुमी गाडी चालवताना विचार करते, म्हणून मी तिला चालवू देत नाही. सुपरवायझरांच्या काचेच्या केबिनमध्ये मला खुर्ची मिळाली. सगळं छान चाललं होतं आणि मध्येच स्क्रीनवरून प्रोग्रॅमच नाहीसा झाला. ना सूचना, ना तक्रार. बाटल्या आपल्या धावतच होत्या.

सुपरवायझर पट्टा थांबवून म्हणाले, "ताई, तुमचा प्रोग्रॅम मरताना काही बोलत नाही का?"

"नाही. असाच मरतो," घुमी म्हणाली.

"आमचं जुनं मशीन निदान खडखडायचं तरी. सोमवारी या. पण त्यानंतर मला वरच्या साहेबांना काही सांगता येणार नाही."

परतताना तिने मला कारण सांगितलं. पट्ट्यावर एक जागा रिकामी आली होती आणि मॉड्यूल नसलेल्या बाटलीची मान मोजायला गेलं. पायथनमध्ये नसलेली वस्तू मागितली तर तो तिथेच अडवतो आणि कुठे चुकलं ते सांगतो. सी कुणाला अडवत नाही. हात घालशील तिथे घालू देते, आणि बुडते ती सगळ्यांना घेऊन.

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावरच दोघींनी लॅपटॉप उघडले. रिकाम्या जागेची चूक तासाभरात दुरुस्त झाली. लंबूने हात झटकले. "चला, सुटलो."

"एक सापडली. न सापडलेल्या किती आहेत?" घुमी म्हणाली.

मग तिने प्रोग्रॅमचा वेळ कुठे कुठे जातो ते मोजलं. जवळजवळ सगळा वेळ एकाच ठिकाणी जात होता, बाटलीच्या काठावरची तड्याची बारीक रेघ शोधण्यात. बाकीचं, म्हणजे कॅमेऱ्याची मांडणी, फोटो रांगेत लावणं, खराब बाटल्यांची नोंद, असं सगळं पायथनमध्ये आरामात झालं असतं. आणि तेही तिने सीमध्ये लिहून ठेवलं होतं.

"मग लिहिलंस कशाला?" मी विचारलं.

"येत होतं म्हणून."

आणि ती शांतपणे म्हणाली, "रेघ शोधायचं तेवढं ठेवते. बाकी सगळं खोडते आणि पायथनमध्ये लिहिते. चुकलं तर तो सांगेल तरी."

लंबू खुर्चीतून उठलीच. "चार महिने घालवलेत आपण त्यात. डोकं फिरलंय का तुझं?"

"ते चार महिने सांभाळत बसले तर सोमवार जाईल."

हे दारातून म्हणाले, "लग्नाच्या आदल्या दिवशी मांडव मोडायला निघाली बाई."

मला राहवलं नाही. "अगं, कुठेतरी कॉपी तरी ठेव."

"आहे गं आई. आमच्यात काही टाकलं तरी जात नाही."

मग ती खोडत गेली. पानंच्या पानं जाताना मी पाहिली आणि आत जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली. दोन दिवस दोघी पायथनमध्ये लिहीत राहिल्या. शेवटी सी भाषेतलं मॉड्यूल उरलं एक-दोन पानांचं. त्यातली ओळ न् ओळ घुमीला लंबूसमोर मोठ्याने वाचून दाखवता येत होती, आणि तिने ती दाखवलीसुद्धा. लंबूने तीन ठिकाणी टोकलं, त्यातलं एक बरोबर निघालं.

सोमवारी सुपरवायझर तयारीतच होते. पट्टा पूर्ण वेगाने सोडला. मधल्या बाटल्या उचलून जागा रिकाम्या केल्या. प्रोग्रॅम चालत राहिला. एक बाटली आडवी ठेवली. दांड्याने ती ढकलली. मग त्यांनी स्वतःचा हातमोजा काढून पट्ट्यावर टाकला. लंबूने डोळे मिटले. घुमी हाताची घडी घालून उभी होती.

दांड्याने मोजाही बाजूला केला आणि स्क्रीनवर ओळ उमटली: ही बाटली वाटत नाही, सोडून पुढे जात आहे.

सुपरवायझरांनी ती दोनदा वाचली. "आता बोलायला लागला की."

"आता बोलायचं काम पायथनकडे आहे," घुमी म्हणाली. "मॉड्यूल फक्त रेघ शोधतं."

त्यांनी मोजा उचलून झटकला, पुन्हा हातात घातला नाही. आतापर्यंत पट्ट्यापासून ते हलले नव्हते. आता घड्याळाकडे बघून म्हणाले, "चालू राहू दे हे. जेवून घेऊ. दुसऱ्या पट्ट्याला कधी बसवता ते तिथेच बोलू. आई, तुम्हीही चला."

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं. तिघं कॅन्टीनकडे निघाली. घुमीने जाताना एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी खुर्ची काचेजवळ ओढली आणि बाटल्या बघत बसले.