कडेवरची बॅटरी

माझी लाल स्पोर्ट्स कार वर्षातून एकदाच, दसऱ्याला, पार्किंगबाहेर निघते. म्हणजे निघायला हवी. यंदा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, किल्ली फिरवली, तर गाडी नुसतं 'टक' म्हणाली. लिंबं शाबूत.

मांजलपूरच्या गुजराती बॅटरीवाल्याला फोन लावला. त्याचं नाव मला ठाऊक नाही; माझ्या फोनमध्ये तो 'दसरा' आहे. काही न विचारता तो नवी बॅटरी कडेवर घेऊनच आला.

जुन्या बॅटरीवर हात ठेवून त्यानं क्षणभर डोळे मिटले. "मागच्या दसऱ्याला मीच बसवलेली. साहेब, आठवड्यातून एकदा वाघोडियापर्यंत तरी फिरवा ने!"

"आणि ओरखडा पडला तर?"

त्यानं नवी बसवली. गाडी गरजली, लिंबं फुटली, सोसायटीनं टाळ्या वाजवल्या. मी लगेच गाडी मागे घेऊन कव्हर घातलं.

त्याची पोचे पडलेली जुनी स्कूटर पहिल्याच किकला सुरू झाली.

"हिच्यात कुठली बॅटरी टाकलीय?" मी विचारलं.

"हिच्यात बॅटरीच नाही, साहेब. गेली तेव्हा काढून टाकली. पण ही रोज बाहेर पडते ने!" कव्हरकडे बघत तो हसला. "आवजो. पुढच्या दसऱ्याला फोन नका करू, मी आपणहूनच येईन."