कडू मॅडम आणि हळदीचा गुण

पहिल्या तासाला कडू मॅडम हजेरी घ्यायच्या नाहीत, जीभ बाहेर काढायला लावायच्या. हिंगणघाटच्या आमच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. रांगेतून फिरत प्रत्येकाच्या जिभेवर हिरड्याची चिमूटभर पूड ठेवायच्या. तोंडं अशी वाकडी व्हायची की विचारू नका! "काऊन रे, मिठाई वाटून राह्यली का मी? गिळ मुकाट्यानं," म्हणत वरून घोटभर पाणी पाजायच्या. ते पाणी मात्र चक्क गोड लागायचं. मग फळ्यावर लिहायच्या, टॅनिन. "झाडाले पळता येत नाही. कोणी खायला आलं तर हेच त्याचं हत्यार. तुमच्यासाठी नाही बनवलं त्यानं. तुम्हाला उपयोग झाला तर नशीब समजा."

हिरडा खरं तर तुरट. पण 'तुरट मॅडम' कोण म्हणणार? म्हणून पोरांनी नाव पाडलं कडू मॅडम. आमच्याकडे कडू आडनावाची माणसं ढिगानं, त्यामुळे नवीन पोरांना ते आडनावच वाटायचं. एकानं सुटीच्या अर्जावर 'माननीय कडू मॅडम' लिहिलं. मॅडमनी सुटी मंजूर केली आणि खाली सहीही 'कडू' अशीच ठोकली. वास्तविक त्या गावातल्या जुन्या कापड दुकानदाराच्या घरातल्या. दुकानात बसल्या असत्या तर आयुष्य सुखात गेलं असतं, असं त्यांचे भाऊ म्हणत. मॅडम म्हणत, "कापडाले वास नसतो ना बापा."

वासावर त्यांचा भारी जीव. त्यातही आमच्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीवर. मूठभर हळद नाकाशी धरून डोळे मिटून उभ्या राहायच्या. हळदीतल्या कर्क्युमिनवर बोलायला लागल्या की तास संपल्याची घंटा त्यांना ऐकू येत नसे. "नुसती पाण्यात कालवून प्याल तर अंगाला फारशी लागणार नाही. तेल पाहिजे, सोबत मिरी पाहिजे. फोडणी देणाऱ्या बाईला आधी नमस्कार करा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

अशा मॅडमना मी समुद्रपूरला आमच्या वस्तीतल्या विहारात बोलावलं. वंदना झाली, बाया सतरंजीवर बसल्या आणि मॅडम हळदीवर बोलल्या. काय बोलल्या म्हणता! सुजेवर तिचा गुण दिसलाय, साखरेवरही दिसून राह्यलाय, असं सांगत होत्या. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "मॅडम, गाडी लागली!" आणि मॅडम पिशवी उचलून एसटीकडे धावल्या.

माझ्या आईला बरीच वर्षं साखरेचा आजार. तिनं दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या आणि सकाळी चमचाभर हळद सुरू केली. घरात कोणाला पत्ता नाही. पुढे कापूस वेचताना पराटीचं, म्हणजे कपाशीच्या झाडाचं, खुंट पायात गेलं. जखम भरेचना. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर आभाळाला भिडलेली, पायाची करंगळी काळी पडलेली. डॉक्टर चिडले. आई शांतपणे म्हणाली, "मॅडमनं सांगतलं ना, हळदीत साखरेचा गुन हाये. मंग गोया कायले खाऊ?"

करंगळी काढावी लागली. पाय तरी राहतो की नाही, हा घोर लागून राहिला.

मी हे मॅडमना सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं समुद्रपूरला हजर. आईच्या पायाशी जमिनीवर बसल्या आणि पट्टी बदलायला हात पुढे केला. आईनं पाय आखडून घेतला. "मॅडम, माह्या पायाले हात नोका लावू."

"पाय द्या ताई," मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "गाडीच्या घाईत मी अर्धीच बोलले. ते सगळं प्रयोगशाळेतलं होतं. गोळी सोडू नका, हे सांगायचं राहून गेलं."

"तुमी कायच्या अर्ध्या बोलल्या? मीच चुलीवर वरन ठेवून आलती. ध्यान तिकडंच!"

कोण अर्धं बोललं आणि कोणी अर्धं ऐकलं, हे भांडण दोघींनी पुढे कधीच मिटवलं नाही. जखम भरेपर्यंत मॅडम दर रविवारी यायच्या, पट्टी बदलायच्या, चहा पिऊन भांडायच्या. पाय वाचला. मॅडम पुन्हा विहारात उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माझं चुकलं." कोणीतरी विचारलं, "मंग हळद खोटी का मॅडम?" त्या म्हणाल्या, "हळद खरी आहे. पण गुण झाडात असतो, माणसाला तो यावा लागतो. मधला रस्ता लांब आहे. तोवर डॉक्टरची गोळी." एवढी शिकलेली बाई भरल्या विहारात चूक कबूल करते, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून त्या मला जास्तच मोठ्या वाटायला लागल्या.

गेल्या वर्षी मॅडमनाच कॅन्सर झाला, लसिकाग्रंथींचा. दवाखान्यात भेटायला येईल त्याच्या हातात कसला तरी रस. मॅडम सगळ्यांचे आभार मानायच्या आणि पेला बाजूला ठेवायच्या. आईनं अंगणातली सदाफुली नेली, पण वाटून रस काढायला नाही, नुसती उशाशी ठेवायला. मॅडम हसल्या आणि सलाईनच्या बाटलीकडे बोट दाखवलं. "ताई, तुमच्या अंगणातली हीच बाई आहे त्यात. सदाफुलीपासूनच काढतात हे औषध. फक्त मोजूनमापून."

आईनं त्यांचा हात धरला. "मंग, गुन येऊन राह्यला का मॅडम?"

मॅडमनी उशाशी ठेवलेल्या फुलांकडे मान वळवली. "झाडात तर आहे, ताई. माझ्यात यायचाय."

तो आला नाही. उन्हाळा लागायच्या आत मॅडम गेल्या.

परवा विहारात वंदनेनंतर शेजारची नवी सून आईला विचारत होती, "आत्या, हळदीनं साखर उतरते म्हणते, खरं का?" आईनं लुगड्याचा काठ वर सारला, चार बोटांचा पाय तिच्यापुढे ठेवला आणि तिचा हात धरून खाली बसवलं.

"हळद भाजीत टाकजो, गोई तोंडात टाकजो. अन् बस इथं. माह्या मॅडमचं पुरं आयकून जाजो."